टाइप १ मधुमेह: जेवणानंतरच्या साखरेवर वयाचा परिणाम किती आणि कसा?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी व्यक्ती ५८ वर्षांची आहे आणि टाइप १ मधुमेहाचे निदान ३१व्या वर्षी झाले. त्यांची भाची ९ वर्षांची, तिचे निदान ७व्या वर्षीचे. दोघेही एकाच प्रकारचे जलद इन्सुलिन जेवणाच्या पाचेक मिनिटे आधी पेनने घेतात आणि दोघांच्याही दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे. सारखेच जेवण जेवल्यावर भाचीची साखर तासाभरात २८० पर्यंत चढते आणि तीन तासांत जेवणाआधीच्या आकड्यावर परत येते. यांची मात्र पहिल्या तासात ७५ पर्यंत उतरते आणि चौथ्या तासाला २४० वर जाते. हा वयाचा परिणाम आहे का, आणि वय वाढेल तसे हे आणखी बिघडत जाणार का, असे त्यांनी विचारले आहे.

वयाचा वाटा आहे. पण ‘वय’ या एका शब्दात इथे तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात आणि घोळ तिथेच होतो. पहिली गोष्ट म्हणजे निदान झाले तेव्हाचे वय. दुसरी, आजाराचे वय, म्हणजे निदानाला किती वर्षे झाली ते. तिसरी, शरीराचे आजचे वय. तुमच्यासाठी हे आकडे ३१, २७ आणि ५८ असे आहेत, भाचीसाठी ७, २ आणि ९. जेवणानंतरच्या रेषेवर या तिन्हींचा परिणाम वेगवेगळ्या वाटांनी होतो. कोणता कुठून आला हे वेगळे केले नाही, तर उपाय चुकतो. कोणाच्याही नोंदी बघताना मी आधी हे तीन आकडे कागदावर लिहून घेते.

आता मुळात काय घडते ते. मधुमेह नसलेल्या माणसाने जेवायला सुरुवात केली की काही मिनिटांत स्वादुपिंडातून इन्सुलिनची एक लाट निघते आणि ती थेट यकृतात पोचते. यकृत स्वतःची साखर सोडणे थांबवते. त्याच वेळी ग्लुकागॉन (साखर वाढवणारे संप्रेरक) दबतो. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींमधूनच सुटणारे अमायलिन नावाचे दुसरे संप्रेरक जठराचा वेग आवरते, त्यामुळे अन्न आतड्यात एकदम उतरत नाही. या सगळ्यामुळे जेवणानंतरही साखर बहुतेक वेळा १४० च्या आत राहते. टाइप १ मध्ये यातले जवळजवळ सगळेच हरवलेले असते. इन्सुलिन त्वचेखाली टोचलेले, त्यामुळे त्याचा परिणाम सुरू व्हायला १० ते १५ मिनिटे लागतात, जोर तास ते दीड तासाने येतो आणि शेपूट चार-पाच तास चालते. अमायलिन नाही. ग्लुकागॉन तर जेवणानंतर दबायच्या ऐवजी अनेकदा वाढतो. म्हणजे अन्नाचा वेग एक आणि इन्सुलिनचा दुसरा. वय हे दोन्ही वेग बदलते, पण प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या दिशेने.

निदानाच्या वेळचे वय ठरवते ते मुख्यतः एवढेच, की स्वतःच्या बीटा पेशी किती उरल्या. लहानपणी, विशेषतः सातव्या वर्षाच्या आत, सुरू होणारा स्वयंप्रतिकार हल्ला (रोगप्रतिकारशक्तीचा स्वतःच्याच पेशींवरचा) जोरदार असतो आणि निदानाच्या वेळीच फार थोड्या पेशी शिल्लक असतात. तेराव्या वर्षानंतर निदान झालेल्यांमध्ये त्या जास्त उरतात, प्रौढपणी झालेल्यांमध्ये आणखी जास्त. जीएडी अँटिबॉडी (या हल्ल्याची रक्तातली खूण) असूनही सुरुवातीला गोळ्यांवर चालणारा, हळूहळू इन्सुलिनवर येणारा जो प्रकार लाडा या नावाने ओळखला जातो, तो याच पट्ट्याचे दुसरे टोक आहे.

ही उरलेली पुंजी छोटी असली तरी जेवणानंतर तिचा उपयोग मोठा होतो, कारण टोचलेल्या इन्सुलिनला साखर कळत नाही आणि स्वतःच्या पेशीला कळते. साखर वाढली की ती थोडे अधिक सोडते, उतरली की थांबते. डीसीसीटी या १३ ते ३९ वयोगटातल्या मोठ्या अभ्यासात (निष्कर्ष १९९३) ज्यांचे सी-पेप्टाइड (स्वतःचे इन्सुलिन बनताना सोबत सुटणारा, म्हणून त्याचे माप सांगणारा घटक) लिटरला ०.२ नॅनोमोल किंवा अधिक टिकले होते, त्यांना कडक नियंत्रण ठेवूनही गंभीर हायपो (साखर फार खाली जाणे) कमी झाले. पन्नास वर्षांहून जास्त काळ टाइप १ असलेल्या काही लोकांमध्येही मोजता येईल इतके सी-पेप्टाइड सापडले आहे. त्यामुळे २७ वर्षांनंतर तुमच्याकडे काहीच उरले नसेल, असे गृहीत धरू नका. जेवणानंतर साधारण ९० मिनिटांनी सी-पेप्टाइड आणि साखर एकाच वेळी तपासून घ्या. मात्र त्या वेळी साखर १४४ च्या वर हवी. ती कमी असताना पेशी गप्पच बसतात आणि आकडा खोटा कमी येतो. मूत्रपिंड कमकुवत असेल तर उलटे होते, सी-पेप्टाइड रक्तात साचते आणि आकडा खोटा जास्त दिसतो.

भाचीचे निदान सातव्या वर्षीचे आणि दोन वर्षे उलटलेली, म्हणजे सुरुवातीचा ‘हनिमून’ (उरलेल्या पेशी काही काळ साथ देतात तो टप्पा) बहुधा संपला आहे. तिच्या रेषेला मऊपणा देणारे आतून फारसे काही नाही. जे करायचे ते टोचलेल्या इन्सुलिनच्या वेळेवर आणि मापावर.

इथे थांबून तुमच्या दोन रेषा वाचू. मोबाइलवर सेन्सरचा आलेख उघडला की वयाचा विचार करण्याआधी एवढे बघा. आधी चढून नंतर खाली जाणारी रेषा सांगते की इन्सुलिन उशिरा आले. आधी उतरून नंतर चढणारी रेषा सांगते की अन्न उशिरा आले. चढून तिथेच बसणारी रेषा सांगते की इन्सुलिन कमी पडले किंवा कार्ब (कर्बोदके) कमी मोजले गेले. भाचीची रेषा पहिल्या प्रकारची आहे, तुमची दुसऱ्या. दोघांची अडचण एकमेकांच्या उलट आहे, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लागू होणार नाही.

आधी भाची. २८० हा आकडा बघून घरचे सहसा डोस वाढवतात. तिच्या बाबतीत ती चूक ठरेल. तीन तासांत साखर जेवणाआधीच्या जागी परत येते, म्हणजे डोसचे माप बरोबर आहे आणि फक्त वेळ चुकते आहे. डोस वाढवला तर शिखर थोडेसे खाली येईल आणि तिसऱ्या तासाला हायपो होईल. उपाय असा, की इन्सुलिन पाच मिनिटांऐवजी १५ ते २० मिनिटे आधी द्यायचे. तेही जेवणाआधीची साखर ९० च्या वर असेल आणि सेन्सरवरचा बाण खाली झुकलेला नसेल तरच. एकदम वीस मिनिटांवर न जाता आधी दहा, तीन दिवस बघून पंधरा, असे सरकावे. या वयात मुले ताटातले किती संपवतील याचा भरवसा नसतो, म्हणून घरचे लोक जेवण झाल्यावर सुई देतात आणि शिखर तिथूनच तयार होते. जेवढे ती नक्की खाईल तेवढ्याचा डोस आधी द्यावा आणि वरचे खाल्ले तर उरलेला लगेच नंतर. दोन सुया होतात हे खरे, पण शाळेत आणि खेळात दिवस जाणाऱ्या मुलीसाठी तासभर २८० वर बसण्यापेक्षा ते बरे. ताटातली भाजी आणि प्रथिने आधी खाऊन पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ले, तरी शिखर काहीसे बुटके होते.

लहान शरीराची आणखी एक अडचण मोठ्यांना पटकन लक्षात येत नाही. १८०० ला दिवसाच्या एकूण इन्सुलिनने भागले की एक युनिट साखर साधारण किती उतरवेल याचा अंदाज येतो. दिवसाला ४० युनिट घेणाऱ्या प्रौढासाठी हे उत्तर ४५ येते, म्हणजे अर्ध्या युनिटची चूक २२ अंकांची. दिवसाला २० युनिट लागणाऱ्या मुलासाठी ९०, म्हणजे अर्ध्या युनिटला ४५. आणि १२ किलोच्या, दिवसाला ७ युनिट घेणाऱ्या छोट्या मुलासाठी तेच अर्धे युनिट १३० अंकांच्या आसपास साखर हलवते. त्यामुळे लहान मुलांची जेवणानंतरची रेषा नागमोडी दिसली तर पालकांनी स्वतःला दोष देऊ नये, साधनच तेवढे बारीक नसते. अर्ध्या युनिटचे पेन हवेच. शक्य असेल तर ०.०५ युनिटच्या पायरीने चालणारा पंप खूप मदत करतो.

सकाळची न्याहारी वेगळी मोजा. एका युनिटला किती ग्रॅम कार्ब, हे काढायला ५०० ला एकूण डोसने भागतात. २० युनिटवर ते २५ ग्रॅम येते. लहान मुलांना न्याहारीला हे हमखास कमी पडते, म्हणून तिथे ५०० ऐवजी ३३० घेतात, कधी २५० सुद्धा. म्हणजे युनिटला साडेसोळा ग्रॅम किंवा साडेबारा. हे सूत्र सुरुवातीच्या अंदाजापुरते आहे. खरा आकडा तिच्याच नोंदींतून निघेल आणि तो तिच्या डॉक्टरांनी ठरवायचा आहे.

पुढच्या दोन-तीन वर्षांत तिची पौगंडावस्था सुरू होईल आणि तेव्हा वयाचा परिणाम सगळ्यांत ठळक दिसेल. वाढीचे संप्रेरक इन्सुलिनच्या विरोधात काम करते. आधी किलोमागे ०.७ ते १ युनिट पुरत असते, ते १.२ वर जाते, काहींना २ पर्यंतही लागते. युनिटला २५ ग्रॅम असलेले प्रमाण १० च्या खाली येऊ शकते, पहाटेची चढण न्याहारीच्या शिखराला येऊन मिळते आणि मुलींमध्ये पाळीच्या आधीचे काही दिवस साखर अडून बसते. हा शरीराचा धर्म आहे, मुलीचा हट्ट नव्हे. पण त्याच वयात जेवणाचे डोस सुटायलाही लागतात, त्यामुळे आलेख बघताना मी पहिल्यांदा सुटलेले डोस शोधते. ते ओरडून भरून येत नाहीत. दिवसातला कोणता डोस नेहमी सुटतो ते शोधून, तेवढ्या वेळी मोठ्या माणसाने शेजारी असणे जास्त कामी येते. वाढ थांबल्यावर विशीच्या आसपास गरज पुन्हा उतरते. तेव्हा जुनेच डोस चालू ठेवले तर हायपो सुरू होतात, आणि ही उतरण फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

आता तुमच्याकडे येऊ. तुमच्या रेषेमागे ५८ पेक्षा २७ हा आकडा जास्त असावा, असा माझा कयास आहे. वयाने जठराचा वेग थोडासाच मंदावतो, निरोगी म्हाताऱ्या माणसातही त्याने एवढी उलथापालथ होत नाही. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने जठराला चालवणारी नस दुबळी झाली, तर मात्र अन्न तासन्‌तास जठरात पडून राहते. यालाच गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. इन्सुलिन वेळेवर येऊन आपले काम उरकते, पण त्याच्यासमोर साखरच नसते, म्हणून पहिल्या तासात ७५. अन्न उतरते तेव्हा इन्सुलिनचा जोर ओसरलेला असतो, म्हणून चौथ्या तासाला २४०. थोडे खाऊन पोट भरणे, मळमळ, काही तासांपूर्वीचे अन्न उलटीत दिसणे ही सोबतची लक्षणे. काहींना यातले काहीही जाणवत नाही, साखरेची ही उलटी रेषाच पहिली खूण असते.

पण याच रेषेची साधी कारणेही आहेत आणि ती आधी बाजूला काढायला हवीत. जेवण तेलातुपाचे आणि प्रथिनांनी भरलेले असेल तर धडधाकट जठरही सावकाश रिकामे होते. शिवाय चरबी इन्सुलिनचा परिणाम बोथट करते आणि साखर तीन ते पाच तासांनी वर येते. दुसरे, ७५ दिसल्यावर तुम्ही घाबरून काही गोड खाता का? तीस-चाळीस ग्रॅम साखर मोजदाद न होता पोटात गेली, तर चौथ्या तासाच्या २४० चे कोडे तिथेच सुटते. तिसरे, औषधे. अफूवर्गीय वेदनाशामके, काही जुन्या प्रकारची नैराश्यावरची औषधे आणि वजन कमी करण्यासाठी दिली जाणारी जीएलपी-१ प्रकारची इंजेक्शने जठर मंद करतात. चौथे, स्वतः वाढलेली साखरच जठराचा वेग कमी करते. जेवायला बसताना साखर २५० असेल तर त्या दिवशीच्या रेषेवरून निष्कर्ष काढू नका.

म्हणून तीन दिवस एक चाचणी जेवण घ्या. कार्ब ४५ ते ६० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजलेले. चरबी १० ग्रॅमच्या आत. सुरुवातीची साखर ९० ते १४० च्या दरम्यान आणि बाण आडवा. आधीच्या चार तासांत जेवणाचे किंवा दुरुस्तीचे (वाढलेली साखर उतरवण्याचे) इन्सुलिन घेतलेले नसावे आणि व्यायाम झालेला नसावा. इन्सुलिन नेहमीच्याच मापाने, गाठ नसलेल्या जागी, जेवायला सुरुवात करतानाच. मग सुरुवातीला, अर्ध्या तासाने, एक, दीड, दोन, तीन, चार आणि पाच तासांनी साखर लिहा. सेन्सर रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे चालतो, म्हणून साखर वेगाने पडताना बोटाचे रक्त तपासा. ७० च्या खाली गेली की चाचणी संपली. १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्या. जठर मंद असण्याची शंका असेल तेव्हा घन पदार्थ किंवा चरबी असलेली मिठाई हायपोत उपयोगाची नाही, ती तिथेच अडकते. ग्लुकागॉन घरात ठेवा आणि ते कसे द्यायचे हे घरच्यांना आधीच दाखवून ठेवा. (लहान मुलांना १५ ग्रॅम जास्त होतात. तिथे हिशेब किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे २६ किलोच्या मुलीला सुमारे ८ ग्रॅम.)

कमी चरबीच्या जेवणातही तीन दिवस आधी उतार आणि मग चढ दिसला, तर जठराचीच शंका बळावते. मग डॉक्टरांना जठर रिकामे होण्याची चाचणी करायला सांगा. तीत किरणोत्सर्गी खूण घातलेले अन्न देऊन चार तास मोजतात, आणि चार तासांनंतर दहा टक्क्यांहून अधिक अन्न जठरात उरले तर वेग मंद धरतात. चाचणीच्या सकाळी साखर २७५ च्या आत हवी, नाहीतर निकाल भरवशाचा नसतो. जठर मंद करणारी औषधे आधी थांबवायची का, तेही विचारून घ्या.

तोवर डोसची वेळ सरकवता येते, पण डॉक्टरांशी बोलून आणि एका वेळी एकच बदल करून. पहिली पायरी म्हणजे सुई पाच मिनिटे आधी न घेता पहिल्या घासाबरोबर, मग जेवण सुरू झाल्यावर १५ मिनिटांनी. तेवढ्याने भागले नाही तर डोसचे दोन भाग करायचे. अर्धा किंवा साठ टक्के सुरुवातीला, उरलेला तास-दीड तासाने. पंप असेल तर हेच दोन-तीन तासांवर पसरवता येते. यात हमखास होणारी चूक अशी, की दुसरा भाग देताना साखर वाढलेली दिसते आणि माणूस त्यात दुरुस्तीचा डोसही मिसळतो. मग मध्यरात्री हायपो. दुसरा भाग म्हणजे अजून न उतरलेल्या अन्नाचे इन्सुलिन, तिथे दुरुस्ती मिसळायची नाही. काही जणांना जलद इन्सुलिनपेक्षा जुने साधे मानवी इन्सुलिन अशा जठराशी चांगले जुळते, कारण ते अर्ध्या तासाने सुरू होऊन दोन ते चार तासांत जोरावर येते. जेवण लहान आणि जास्त वेळा, चरबी आणि जाड चोथा कमी, अन्न मऊ शिजवलेले, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे संथ चालणे. ही चाल मंद जठराला बरी, पण पहिल्या तासात तुमची साखर उतरते तोवर खिशात ग्लुकोज असल्याशिवाय निघू नका.

आजाराच्या वयाचा दुसरा मोठा परिणाम त्वचेवर असतो. सत्तावीस वर्षांत काही हजार वेळा सुई एकाच पोटावर गेली असेल, तर त्वचेखाली चरबीच्या गाठी होतात. तिथे टोचले की दुखत नाही, म्हणून हात नेमका तिथेच जातो. पण इन्सुलिन तिथून उशिरा आणि लहरीपणाने शोषले जाते. रेषा मग भाचीसारखी होते, आधी चढ आणि नंतर अवेळी उतार. तुमची रेषा तशी नाही, तरी तपासा. बोटांना थोडे तेल लावून पोट आणि मांड्या सावकाश चाचपडा, गाठी दिसण्याआधी हाताला लागतात. गाठीची जागा सोडून स्वच्छ जागी जाताना डोस आधी कमी करावा लागतो, बऱ्याचदा एक पंचमांशाने, कारण तेच इन्सुलिन आता पूर्ण शोषले जाणार असते. हे सांगितले गेले नाही तर जागा बदलल्याच्या पहिल्याच दिवशी जोराचा हायपो होतो आणि माणूस पुन्हा जुन्या गाठीकडे वळतो. भाचीच्या मांड्याही बघा, दोन वर्षांतही गाठी होतात. आणि ती वाढीत मागे पडत असेल किंवा तिची साखर जेवणानंतर कारण नसताना पडत असेल, तर ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा सीलिएक आजार तपासायला हवा. तो टाइप १ सोबत अनेकदा येतो.

तिसरा परिणाम धोक्याचा आहे. हायपो झाल्यावर ग्लुकागॉन सोडून साखर वर आणण्याची शरीराची ताकद निदानानंतर पहिल्या पाचेक वर्षांत बहुतेकांची जाते. मग भिस्त अॅड्रेनॅलिनवर, आणि वारंवार हायपो झाले की तेही बोथट होते. घाम, थरथर जाणवेनाशी होते. तुम्ही ७५ ला असताना तुम्हाला काही जाणवते का, हे मला तुमच्या २४० पेक्षा आधी जाणून घ्यायचे आहे. जाणवत नसेल तर काही आठवडे हायपो काटेकोरपणे टाळावेत, बऱ्याच जणांची जाणीव काही प्रमाणात परत येते.

आता दुसरा प्रश्न, वय वाढेल तसे बिघडत जाणार का. तसा नियम नाही. मधुमेह नसलेल्या माणसाची बीटा पेशी म्हातारपणी थकते, म्हणून त्याची जेवणानंतरची साखर वाढत जाते. तुमचा कारभार आधीच मुख्यतः बाहेरच्या इन्सुलिनवर आहे, त्यामुळे हा मुद्दा तुम्हाला फारसा लागू नाही. बदलतात त्या बाकीच्या गोष्टी. जेवणातली बरीच साखर स्नायूंत साठवली जाते आणि स्नायू वयानुसार घटतात. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा ताणपट्टीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांनी ही घट बरीच रोखता येते. प्रथिनांचे माप मात्र मूत्रपिंडाचा अहवाल बघून ठरवा.

मूत्रपिंडाचा मुद्दा म्हातारपणी सर्वांत दुर्लक्षित राहतो. टोचलेले इन्सुलिन यकृताला वळसा घालून आधी सगळ्या अंगभर फिरते, म्हणून ते साफ करण्यात मूत्रपिंडाचा वाटा मोठा असतो. ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळते याचा आकडा) उतरला की इन्सुलिनचे शेपूट लांबते. चार तासांत संपेल असे धरलेले इन्सुलिन सहाव्या तासालाही काम करत असते आणि त्यावर घेतलेला दुरुस्तीचा डोस जुन्यावर चढतो. ईजीएफआर ६० च्या खाली गेला की हे लक्षात ठेवायला लागा. आणखी बराच उतरला तर एकूण डोस एक चतुर्थांशाने किंवा त्याहून कमी करावा लागतो. अशा वेळी ‘आता माझी साखर छान राहते, कमी इन्सुलिन पुरते’ असे वाटते, पण त्यामागे मूत्रपिंडाची घसरण असू शकते. गुडघ्यात किंवा खांद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले तर त्यानंतर काही दिवस जेवणानंतरची साखर खूप चढते, तेव्हा ते वयामुळे समजून कायमचे डोस बदलू नका.

लक्ष्यही वयानुसार बदलायला हवे. सर्वसाधारण प्रौढासाठी जेवणानंतर एक-दोन तासांनी १८० च्या आत, सेन्सरवर ७० ते १८० च्या पट्ट्यात ७० टक्क्यांहून जास्त वेळ आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. वय झालेल्या, एकटे राहणाऱ्या, हृदयाचा किंवा विसरण्याचा त्रास असलेल्या माणसासाठी पट्ट्यातला वेळ ५० टक्क्यांहून जास्त असला तरी चालतो, पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत हवा. त्या वयात हायपो म्हणजे पडणे, हाड मोडणे आणि हृदयाची लय बिघडणे. ऐंशीच्या घरातल्या अशक्त आजीच्या जेवणानंतरच्या २२० मागे धावून तिला पहाटे ५० वर आणणे हे चांगले नियंत्रण नव्हे. तिची भूक अनिश्चित असेल तर सुई जेवणानंतर, खाल्ले तेवढ्याचीच. आणि घेतली की लगेच वहीत टिपून ठेवायची किंवा शेवटचा डोस लक्षात ठेवणारे पेन वापरायचे, कारण विसरून दुसऱ्यांदा घेतलेले जेवणाचे इन्सुलिन फार घातक ठरते. साठीनंतरच्या टाइप १ रुग्णांवर झालेल्या विस्डम अभ्यासात (२०२०) सेन्सर वापरणाऱ्यांचा हायपोतला वेळ कमी झाला होता, म्हणून वय वाढेल तसा सेन्सर सोडू नका.

तुम्ही ५८ चे आहात, या सैल लक्ष्यांची गरज तुम्हाला आज बहुधा नाही. पण हायपोची जाणीव गेली असेल तर ती आजच लागू होतात. डॉक्टरांकडे जाताना तीन चाचणी जेवणांचे आकडे, पोटावरच्या गाठींच्या जागा, गेल्या वर्षभरातले ईजीएफआर आणि सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या. दरम्यान उलट्या सुरू झाल्या, साखर २५० च्या वर राहिली आणि रक्तातले कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर साचणारी आम्ले) १.५ च्या वर गेले, तर जठराचा त्रास समजून घरी थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. ३ च्या वर गेले तर थेट रुग्णालयात जा, आणि तोवर बेसल (दिवसभर पुरणारे पायाभूत) इन्सुलिन अजिबात थांबवू नका.